काकीची दोन पोती

माझ्या वडिलांचा धंदा काय, हे मला शाळेत कधीच धड सांगता आलं नाही. वर्गातल्या बहुतेकींचे वडील गिरणीत होते, कोणाचे बसवर कंडक्टर होते, एकीचे तर बँकेत होते आणि ती ते न विचारताही सांगायची. एकदा बाईंनी प्रत्येकीला उभं करून विचारलं. मी म्हटलं, "खाणीचा कचरा धुतात." वर्ग खो खो हसला, बाईंनाही हसू आवरलं नाही. मी मुळातच फटकळ, त्यामुळे म्हटलं, "हसायला काय झालं, त्याचा पगार मिळतो," आणि पुढचा तास वर्गाबाहेर काढला. घरी येऊन आईला सांगितलं तर तीही हसली. बाबा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, बरोबरच सांगितलंस, कचराच धुतो.

मुलुंडला आग्रा रोडच्या आत एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चालायचं. शेड साहेबांची. साहेब मुलुंडचेच जुने रहिवासी, खूप शिकलेले, सगळा जन्म दगडधातूंची परीक्षा करण्यात घालवून निवृत्त झालेले आणि घरी बसवत नाही म्हणून हा उद्योग काढलेले. खाणीतून दगड काढतात, तो फोडून दळतात, त्यातलं कामाचं तेवढं काढून घेतात आणि उरलेला गाळ बाहेर ढीग करून टाकतात. जुन्या काळची यंत्रं ओबडधोबड, त्यामुळे त्या गाळात पुष्कळ काही राहून जायचं. अशा ढिगाचा नमुना कोणीतरी साहेबांकडे पाठवायचा आणि विचारायचा, यात काही उरलंय का बघा. ते बघायचं यंत्र म्हणजे एक भलंमोठं तिरकं लाकडी टेबल. त्यावर बारीक पट्ट्या ठोकलेल्या, वरून पाण्याची धार, आणि मोटर लावली की ते सारखं हिसके देत हलायचं. ओला गाळ त्यावर सोडला की हलकी माती पाण्याबरोबर खाली वाहून जायची आणि जड काळे कण पट्ट्यांच्या कडेकडेने सरकत टोकाला एका निराळ्या डब्यात पडायचे. हे टेबल बाबा चालवायचे. नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं की पाणी जास्त झालंय की कमी. घरी जेवायला बसले तरी त्यांचा उजवा पाय त्या हिसक्यांच्या तालात हलत असायचा, आणि आई म्हणायची, आता बंद करा ती मोटर.

मला हे सगळं त्यांनी आमच्या मोरीत समजावलं होतं. आई उकड्या तांदळाचा भात लावायची तेव्हा आधी तांदूळ रोळून घ्यायची. परातीत पाणी, त्यात तांदूळ, आणि मनगटाच्या एका ठरावीक झोकाने परात फिरवत ती तांदूळ पाण्याबरोबर पातेल्यात सोडायची. शेवटी परातीच्या तळाशी चार खडे उरायचे, ते ती फेकून द्यायची. बाबा म्हणाले, तुझी आई आणि मी एकच काम करतो, फक्त ती फेकते ते मी ठेवतो. आई म्हणाली, मग पगार पण सारखा द्यायला सांगा साहेबांना.

दुसरी एक गोष्ट ते सांगत, ती साहेबांची शिकवण होती. नमुना हा साक्षीदार असतो, त्याला पढवायचं नाही. ढिगाच्या दहा ठिकाणांहून थोडं थोडं घ्यायचं, सगळं एकत्र करून त्याचा शंकू करायचा, तो चपटा करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, असं करत करत खाली यायचं. मग त्या मूठभरात अख्खा डोंगर आला असं समजायचं. याचं त्यांना इतकं वेड लागलं होतं की दिवाळीचा चिवडासुद्धा ते कागदावर ओतून असाच चार भागांत वाटायचे. कारण काय, तर शेंगदाणे डब्याच्या तळाला जातात आणि वरून खाणाऱ्याला नुसते पोहे मिळतात. आमच्या भांडुपच्या चाळीत यावरून त्यांची पुष्कळ थट्टा झाली, पण आमच्या घरात शेंगदाण्यांवरून कधी भांडण झालं नाही, हेही खरं.

आता काकीबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगायचं म्हटलं की माझी लेखणी अडते. बाबांची आई ते लहान असतानाच गेली. थोरल्या भावाची बायको, म्हणजे माझी काकी, नवी नवरी म्हणून घरात आली आणि पहिल्याच दिवशी हा पाच वर्षांचा दीर तिच्या कडेवर आला. तिला स्वतःचं मूल झालं नाही. बाबा तिला वैनी म्हणत, पण ती हाक नुसती नावाला, बाकी सगळं आईचंच. काका गेल्यावर ती कोकणात गावीच एकटी राहिली. मुंबईला ये म्हटलं की म्हणायची, कुणगो कोण बघतलो? कुणगा म्हणजे भाताचा मळा. आमच्या घराचा एकच, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठचा, पावसाळी भात काढून वर वायंगणाचं दुसरं पीक देणारा. काकीचा सगळा जीव त्यात.

गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात क्रोमाइटची खाण निघाली होती. काळा, जड दगड. काकीने स्वतः तिथे काही वर्षं रिकाम्या दिवसांत मजुरी केली होती. बायका दगड फोडायच्या, पाण्याने धुवायच्या, काळा तेवढा एकीकडे टाकायच्या. खाणीचा गाळ एका बांधाआड साठवलेला असायचा. एका पावसात तो बांध फुटला आणि सगळा गाळ उतरून आमच्या कुणग्यात येऊन बसला. छातीइतका. पुढच्याच वर्षी खाण बंद पडली, माणसं यंत्रं घेऊन निघून गेली आणि तो ढीग तिथेच राहिला. गवतसुद्धा धड उगवत नव्हतं त्यावर. काकी त्यानंतर दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जाऊ लागली. स्वतःचा मळा डोळ्यांसमोर पुरलेला असताना दुसऱ्याच्या चिखलात वाकायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायचं वय नव्हतं. बाबांना कळायचं. गावाहून आले की दोन-दोन दिवस ते कोणाशी बोलायचे नाहीत.

मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते त्या सुट्टीत बाबांच्या डोक्यात ती कल्पना आली. म्हणजे आली आधीच असणार, बोलले तेव्हा. घाटकोपरचा एक शेठ होता, असे जुने ढीग उचलून त्यातून माल काढायचा त्याचा धंदा. साहेबांच्या एका चिठ्ठीवर तो हजार मैलांवरचा ढीग घ्यायचा, इतका साहेबांच्या शब्दाला मान. बाबांचा हिशोब सरळ होता. आमच्या ढिगात पुरेसं क्रोमाइट निघालं तर शेठ तो उचलेल. ढीग उचलला की खाली वैनीचा कुणगा. त्यांना त्यातून दुसरं काहीही नको होतं. साहेबांना विचारलं तर साहेब म्हणाले, नमुना नीट आण, फुकट तपासून देतो.

गावाला पत्र मी लिहिलं, बाबांनी सांगितलं तसं. माझं अक्षर चांगलं म्हणून घरातली सगळी पत्रं माझ्याकडे. काकीला वाचता येत नव्हतं, तिथे शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे. दहा जागा, वरून, मधून, खालून, कोपरभर खोल खणून, सगळं एकत्र कालवून दोन पोती. बाबांनी एक-एक पायरी सांगितली. काय करायचं ते सगळं सांगितलं. काय करायचं नाही ते सांगायचं कोणाला सुचलंच नाही.

काकी पोती घेऊन स्वतःच आली. कुर्ल्याला एस्टीतून उतरली तेव्हा तिच्याबरोबर ती दोन पोती, कुळीथ, आमसुलं, फणसाची साठं आणि सुक्या बांगड्यांची एक जुडी, जिच्या वासाने टॅक्सीवाल्याने काच खाली केली. आमच्या एका खोलीत पंधरा दिवस नुसता सण होता. कुळथाची पिठी, सोलकढी, भाजलेले बांगडे, आणि काकीचा आवाज. तिला हळू बोलता यायचं नाही. शेतात या टोकापासून त्या टोकाला हाका मारून बनलेला तो गळा, चाळीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जायचा. बाबा चाळीस वर्षांचे, पण तिच्यासमोर ताटात काही टाकायची त्यांची हिंमत नव्हती. तीही त्यांना "वसंता, ता खा आधी" म्हणून दटावायची आणि आई पदराआड हसायची.

पोती दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि काकी मोरीत बसलो होतो. ती तांदूळ रोळत होती. आईपेक्षा तिचा हात कितीतरी सुंदर, परात अशी फिरायची की पाण्याचा आवाजसुद्धा व्हायचा नाही. मी सहज म्हटलं, काकी, तू बाबांच्या शेडमध्ये असतीस तर टेबल विकून टाकलं असतं साहेबांनी. तिला ते आवडलं. म्हणाली, "ती पोती मियाच तर रोळलंय गो."

मी विचारलं, कुठली पोती?

"धाडलंय ती. वसंतान सांगल्यान तसा धा जाग्यारसून काढलंय, वरसून, मधसून, खालसून. धा पोती झाली. पन मुंबयक ती घाण तशीच कशी न्हेवची? व्हाळार न्हेलंय आनि रोळलंय. माती गेली, पाचोळो गेलो, काळा तेवडा ऱ्हवला. चार दिवस कमर मोडली माझी."

कोकणातल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. मुंबईला पाठवायची गोष्ट निवडून-टिपून, धुऊन-वाळवूनच पाठवायची. कुळीथ असोत, तांदूळ असोत, चिंच असो, त्यातला खडा, काडी, चिंचोका काढल्याशिवाय पिशवीचं तोंड बांधायचं नाही, कारण मुंबईची माणसं ते उघडणार आणि आपली लाज जाणार. काकीला तर खाणीतून हेही ठाऊक होतं की कंपनीला काळं हवं असतं. तिने दिराचे कष्ट वाचवले होते, एस्टीत मातीचा भार वाचवला होता. आणि सांगण्यासारखं काही केलं असं तिला वाटलंच नव्हतं. तांदूळ निवडून आणलेत म्हणून कोणी सांगतं का?

मला मात्र कळलं. लगेच कळलं, हे मी आज कबूल करते. पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की तेव्हा नीट समजलं नव्हतं, सोळा वर्षांची पोर होते. पण चिवड्याचे चार भाग पाहत मी मोठी झाले होते. साक्षीदाराला पढवायचं नाही हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. दहा पोत्यांची दोन झाली, म्हणजे काळं होतं त्याच्या पाचपट दिसणार, म्हणजे पढवलेलाच साक्षीदार शेडमध्ये गेला, हे मला त्या मोरीतच कळलं. संध्याकाळी बाबा आले की सांगायचं, असं मी ठरवलं.

संध्याकाळी बाबा आले ते हातात कागदाची पुडी घेऊन. पुडीत काळी चकचकीत वाळू. टेबलाच्या टोकाचा डबा भरून वाहिला म्हणाले. साहेब स्वतः खुर्चीतून उठून बघायला आले. आमच्या घरात मोठ्याने हसायची कोणाला सवय नव्हती, पण त्या दिवशी बाबा हसत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं, मधेच डोळे पुसत होते. त्यांनी ती पुडी देवापुढे ठेवली आणि वैनीच्या पाया पडले. म्हणाले, "वैनी, बी राखून ठेव. पावसाच्या आधी शेठ ढीग उचलायला लागेल." काकीने बाबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसून राहिली.

मी मूग गिळून बसले. त्या क्षणी कोणाला जमलं असतं मला ठाऊक नाही, मला नाही जमलं. रात्र गेली, म्हटलं उद्या सांगू. उद्या काकी आईला सांगत होती की कुणग्यात पहिलं कुठलं भात लावायचं. मग मी मनाची समजूत घातली की साहेब काही एका नमुन्यावर थांबणार नाहीत, पुन्हा तपासतील, तेव्हा आपोआप कळेल आणि माझ्या तोंडून जायला नको. पळपुट्या माणसाला अशी समजूत घालता येतेच. काकी आनंदाने गावी परत गेली.

साहेबांनी पुन्हा तपासायला सांगितलंच. शेठने स्वतःच्या खर्चाने ढिगावरून एक ट्रक भरून आणवला. पण तोवर साहेबांच्या चिठ्ठीवर त्याने गावात जाऊन बोलणी केली होती, जागा घेतली होती, यंत्रांचा विसार दिला होता. ट्रक आला आणि टेबल सलग चार दिवस चाललं. बाबा रोज घरी यायचे ते आदल्या दिवसापेक्षा गप्प. आईने विचारलं तर म्हणाले, पाणी जास्त होतंय बहुतेक.

पाचव्या दिवशी बाबा डबा विसरून गेले, तो द्यायला मी बसने मुलुंडला गेले. शेडमध्ये मोटर बंद होती. तिथे मी आधी कितीतरी वेळा गेले होते, पण ती बंद असलेली कधी पाहिली नव्हती. आत साहेब, शेठ आणि आणखी दोन कामगार उभे होते, आणि बाबा टेबलाला पाठ लावून. टेबलाच्या टोकाच्या डब्यात काळ्याची बोटभर रेघ होती, बस. साहेब ओरडत नव्हते, ते कधीच ओरडायचे नाहीत. ते म्हणत होते, "वसंत, बावीस वर्षं लोक माझ्या सहीवर विश्वास ठेवतात. गावाकडची जमीन सुटावी म्हणून तू आपल्याच कपाटातला, जुन्या नमुन्यांचा काळा माल त्या पोत्यांत मिसळलास. एवढं कबूल कर, मी पुढे काही करणार नाही."

बाबा म्हणाले, "नाही साहेब. मी नाही मिसळलं." त्यापुढे त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं, कारण त्यांना काही माहीतच नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं.

मी दारातूनच म्हटलं, "साहेब, काकीने धुतली ती पोती. व्हाळावर नेऊन. तिने मला सांगितलं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त बाबांची नजर आठवते. शेठ हसला, म्हणाला, "चिखल धुऊन कोण पाठवतं?" साहेब हसले नाहीत. त्यांनी जरा विचार केला, चांगला माणूस होता तो, आणि म्हणाले, "असं असेल तर तिला इथे आण. शेठसमोर तिच्या तोंडाने सांगू दे. माझी सही वाचेल, तुझी नोकरी वाचेल."

एक पत्र टाकलं असतं तर काकी मिळेल त्या एस्टीने आली असती. आली असती आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात सगळं सांगितलं असतं. आणि मग कोणीतरी तिला समजावून सांगितलं असतं की बाई, तू ते धुतलंस म्हणून हे सगळं झालं, तुझ्या ढिगात काही नाही, आणि तुझ्या हाताने तुझ्या दिराची वाट लागली. बाबांनी हे सगळं किती वेळात मनाशी पाहिलं मला ठाऊक नाही. ते म्हणाले, "नाही साहेब. तिला नाही आणणार."

"मग मी काय समजू?"

"तुम्हाला समजायचं ते समजा."

त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली, माझ्या हातातला डबाही घेतला आणि आम्ही बाहेर पडलो. भांडुपपर्यंत चालत आलो, भर दुपारी. कारखान्यांच्या भिंतीच्या कडेकडेने, बसेस शेजारून जात होत्या पण त्यांनी एकीलाही हात केला नाही. मला वाटत होतं की त्यांनी मारावं. मी आयुष्यात कधी त्यांचा मार खाल्ला नव्हता, त्या दिवशी खाल्ला असता तर बरं वाटलं असतं. नाहूरच्या पुढे एका झाडाखाली ते थांबले आणि म्हणाले, "पोत्यात हात घातला तेव्हाच मला कळलं होतं. हाताला धूळ लागली नाही. साहेबांनी पण विचारलं, धूळ का नाही यात. मी म्हटलं, कोकणातला पाऊस, धूळ कशी राहील. इतकी वर्षं हेच करतोय मी, मला कळलं नसेल होय?" मग पुन्हा चालायला लागत म्हणाले, "तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं."

ते खरं होतं की माझ्यावरचं ओझं उतरवायला म्हणाले, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. माझी मुलगी म्हणते, आई, आता सोड ना ते. सोडायचं तर कुठे ठेवू, ते सांग म्हणावं.

घरी आल्यावर त्यांनी आईला आणि मला एकच शपथ घातली, वैनीला यातलं अक्षर कळता कामा नये. आई म्हणाली, आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगणार? आठवडाभराने बाबा कांजूरला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागले. खाकी कपड्यांत ते मला अनोळखी वाटायचे. जेवताना त्यांचा पाय आता स्वस्थ असायचा, आणि आई, जी इतकी वर्षं त्यावरून कटकट करायची, ती त्या पायाकडे पाहून ताटावरून उठून जायची.

पाऊस सुरू होऊन महिना झाला आणि मास्तरांच्या अक्षरात काकीचं पत्र आलं. बाबांच्या शब्दावर तिने शेजाऱ्याच्या अंगणालगत वाफा मागून घेतला होता आणि राखून ठेवलेलं सगळं बी पेरलं होतं. तरवा, म्हणजे भाताची रोपं, आता हातभर झाली होती, लावणीला आली होती. ट्रक कधी येणार, असं तिने विचारलं होतं, रोपं फार दिवस थांबायची नाहीत. बाबांनी पत्र दोनदा वाचायला लावलं. मग मला लिहायला सांगितलं, "वैनी, यंदा शेठची यंत्रं आली नाहीत. पुढच्या वर्षी नक्की." मी लिहिलं. पेन हातात धरलेली मीच होते, त्यामुळे ते खोटं जितकं त्यांचं तितकंच माझं. मास्तरांनी पुढे कळवलं की काकीने तो तरवा पिवळा पडेपर्यंत ठेवला आणि मग गुरांपुढे टाकला.

पुढच्या वर्षी तेच पत्र, तेच उत्तर. त्याच्या पुढच्या वर्षीही. काकी दर वर्षी थोडं बी पेरायची, लोक हसायचे, ती म्हणायची, माझो वसंता थय आसा, तो बघता. साहेबांच्या शेडवरून बाबा पुन्हा कधी गेले नाहीत. परवा माझा जावई मोठ्या उत्साहाने सांगत होता की हल्ली जुन्या खाणींचे ढीग म्हणजे सोन्याची खाण समजतात, नवी यंत्रं सगळं काढून घेतात. मी म्हटलं, चहा घे, गार होतोय.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मास्तर काकीला घेऊन मुंबईला आले. तिच्या पोटात गाठ होती आणि ती बरेच दिवस कोणाला बोलली नव्हती. घाटकोपरच्या दवाखान्यात तिला ठेवलं. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, आता काही करण्यासारखं नाही. तो गडगडाटी आवाज पार खाली गेला होता, कान तोंडाजवळ न्यावा लागायचा. बाबा कारखान्यातून रजा काढून दिवसभर तिथेच बसून असायचे, आणि ती त्यांना म्हणायची, काय खाल्लंस काय नाय?

एका दुपारी बाबा चहा आणायला खाली गेले होते. काकीने मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय. तिने माझं मनगट धरलं. तिची बोटं अजून तशीच जाड, खरखरीत होती.

"खरा सांग गो बाय. वसंता माका सांगूचो नाय. त्या मातयेत काय व्हता काय नाय?"

शपथ होती, पण मी शपथेचा विचारही केला नाही. मी म्हटलं, "होतं काकी. खूप होतं. शेठच कच्चा निघाला, त्याच्याकडे तेवढा पैसा नव्हता."

तिने डोळे मिटले. बराच वेळ तिचा चेहरा मोकळा, निवांत दिसत होता. मग ती म्हणाली, "मगे मी धुतलंय ता बरा झाला. नायतर त्या कचऱ्यात कोणाक काय दिसला असता?"

मी म्हटलं, "हो काकी. तुझ्यामुळेच दिसलं."

मागे बाबा चहाचा ग्लास घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते मला ठाऊक नाही. त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि पलंगाच्या खालच्या बाजूला बसून वैनीचे पाय चेपायला लागले.